आधी डाव की आधी भिडू?

चाळीच्या अंगणात किंवा सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत खेळलेल्या कुणालाही भिडू वाटून घेण्याची रीत ठाऊक असते. दोन कप्तान समोरासमोर उभे राहतात, छापा-काटा होतो आणि आळीपाळीने नावं पुकारली जातात. सगळ्यांत आधी उचलला जातो तो सगळ्यांत चांगला खेळणारा. सगळ्यांत शेवटी, ज्याचा चेंडू आहे म्हणून ज्याला घ्यावंच लागतं तो. आपण खेळणार कसं, हा प्रश्न त्या वेळी कुणाच्या डोक्यातही येत नाही.

जुलै २०१४ मध्ये मुंबईत इंडियन सुपर लीगसाठी भारतीय फुटबॉलपटूंची जी पहिली निवड झाली, तीही पुष्कळशी अशीच होती. तिला ‘ड्राफ्ट’ असं भारदस्त नाव होतं. खेळाडूंच्या रकमा आधीच ठरलेल्या होत्या आणि फेऱ्यांमागून फेऱ्या होत प्रत्येक संघाने आपापले भारतीय खेळाडू उचलले. मुंबई सिटीने सुब्रत पाल, सय्यद रहीम नबी अशी नावाजलेली माणसं मिळवली. मात्र संघाचे प्रशिक्षक पीटर रीड आले ते सप्टेंबरात. म्हणजे स्वयंपाकी ठरण्याआधीच बाजारहाट उरकली होती. पुढे फ्रेडी ल्युंगबर्ग आणि निकोला आनेल्का हे जगप्रसिद्ध पाहुणे आले. १८ ऑक्टोबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर पुण्याला ५-० असं लोळवून मुंबईने जल्लोषही केला. पण त्या मोसमातल्या १४ साखळी सामन्यांत मुंबईचे एकूण गोल १२. त्या एका संध्याकाळचे पाच वजा केले, तर उरलेल्या १३ सामन्यांत सात. आठ संघांत सातवा क्रमांक.

त्याच वर्षी गोव्याच्या संघाने डेम्पो क्लबचे बरेचसे खेळाडू एकत्रच घेतले होते. वर्षानुवर्षं एकमेकांना चेंडू देत आलेली ती माणसं होती. त्यांत मंदार राव देसाई नावाचा एक डावखुरा विंगर होता. त्याचं नाव लक्षात ठेवावं. तो या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

या लेखासाठी मी मुंबई सिटीच्या २०१४ पासूनच्या मोसमवार संघयाद्या समोर मांडल्या आणि प्रत्येक यादीला एकच प्रश्न विचारत गेलो : इथे आधी डाव ठरला आणि मग माणसं आली, की आधी माणसं आली आणि मग डाव शोधावा लागला? हा प्रश्न फक्त क्रीडापानाचा नाही असं मला वाटतं. उपनगरातल्या एखाद्या मुलाला त्याच्याच उपनगरातल्या मैदानावर जागा मिळणार की नाही, हे पुष्कळदा या उत्तरावरच ठरतं.

ड्राफ्ट ही मूळची अमेरिकन चाल. तिकडच्या फुटबॉलमध्ये (तो हातात धरून पळण्याचा खेळ, नावापुरता फुटबॉल) १९३६ साली फिलाडेल्फियात पहिला ड्राफ्ट झाला. फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांची ही कल्पना होती. आदल्या वर्षी जो तळाला राहिला त्याने पहिली निवड करायची, म्हणजे श्रीमंत संघ सगळीच मलई ओरपणार नाहीत. पण या पद्धतीचं खरं शहाणपण दिसायला पुढची चाळीसएक वर्षं जावी लागली. बिल वॉल्श नावाचे प्रशिक्षक सिनसिनाटीच्या संघात सहायक असताना त्यांच्या पदरी व्हर्जिल कार्टर हा असा फेकणारा पडला, की ज्याचा हात अचूक होता पण लांब जात नव्हता. वॉल्शनी लांब फेकीचा नाद सोडून आखूड, आडव्या, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी पोचणाऱ्या फेकींचा डाव बसवला. इथवर माणसाने डाव घडवला. १९७९ साली सॅन फ्रान्सिस्कोची सूत्रं हाती आल्यावर मात्र त्याच डावाने माणूस निवडला. हाताला पुरेसा जोर नाही म्हणून इतरांनी बाजूला ठेवलेला जो मोंटाना त्यांनी तिसऱ्या फेरीत घेतला. इतरांच्या डावात जे उणं होतं, ते यांच्या डावात उणं ठरतच नव्हतं. पुढे मोंटाना त्या खेळातला दंतकथेसारखा माणूस झाला.

आपल्याकडे ड्राफ्ट आला तो त्यातलं हे मर्म मागे ठेवून. दोष फक्त मालकांना देता येणार नाही. मुंबईत फुटबॉलचे संघ ज्या पद्धतीने बनत आले, तिच्यात डावाला जागाच फार थोडी होती. १८९१ पासून चालत आलेल्या रोव्हर्स करंडकासाठी कूपरेजवर बाहेरचे संघ यायचे, तेव्हा मुंबईकरांना खरा डाव पाहायला मिळायचा. १९४९ साली ईस्ट बंगालचे ‘पंचपांडव’, म्हणजे एका रांगेत खेळणारे पाच आघाडीवीर, इथूनच करंडक घेऊन गेले. मग १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने तो सोडलाच नाही. रहीमसाहेबांचे खेळाडू पोलीस खात्यात नोकरीला. म्हणजे मास्तर एक, वर्ग एक आणि वर्षंही भरपूर. मुंबईचे स्वतःचे संघ होते ते कंपन्यांचे : टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र. इथे खेळाडूची भरती आणि कामगाराची भरती यांत फारसा फरक नसे. नोकरी मिळते म्हणून पोरगा यायचा, नोकरी आहे म्हणून टिकायचा. या व्यवस्थेची थट्टा करणं सोपं आहे, पण तिने उपनगरांतल्या कितीतरी घरांत फुटबॉलवर चूल पेटवली, हे विसरू नये. २०१० साली महिंद्र युनायटेडने गाशा गुंडाळला, तेव्हा त्या पद्धतीचा शेवटचा मोठा खांब पडला.

त्या खांबाच्या सावलीत वाढलेला एक माणूस तोवर दुसऱ्याच कामाला लागला होता. खालिद जमील. महिंद्रकडून खेळून झालेले खालिद २००९ पासून मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. (हा क्लब वेगळा; २००७ साली स्थापन झालेला आणि आय-लीग खेळणारा.) पैसा बेताचा, नावाजलेली माणसं जवळपास नाहीत. जे हाताशी आहेत त्यांच्याकडून काय होईल एवढंच पाहायचं : मागे दाटीवाटीने उभं राहायचं, चेंडू मिळाला की लांब धाडायचा, कॉर्नर आणि फ्री-किक सोन्यासारख्या जपायच्या. देखणं काही नव्हतं. पण वर्षामागून वर्ष हा संघ घसरणीतून बचावत राहिला, आणि राहुल भेके, आशुतोष मेहता, जयेश राणे अशी मुंबईत वाढलेली पोरं त्यात खेळत राहिली. खालिद २०१६ मध्ये क्लबबाहेर पडले आणि मिझोरमच्या ऐझॉलला गेले. जाताना मेहता आणि राणे यांनाही घेऊन गेले. २०१६-१७ च्या मोसमात ऐझॉल आय-लीगचा विजेता ठरला आणि मुंबई एफसी त्याच मोसमात तळाला जाऊन खालच्या गटात घसरली. एकच प्रशिक्षक गेला, बरोबर दोन-चार माणसं गेली, आणि दोन्ही टोकांना काय झालं ते पाहा.

इकडे मुंबई सिटीने २०१५ मध्ये लिलावात सुनील छेत्रीला १ कोटी २० लाखांना घेतलं. त्या लिलावातली ही सर्वांत मोठी बोली. छेत्रीने पैसे वसूल करून दिले. या लीगमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला भारतीय ठरला. संघ मात्र सहावा आला. २०१६ मध्ये प्रशिक्षक अलेक्झांद्र गिमरायश आले आणि संघ नेरूळहून अंधेरीला, वीरा देसाई रोडवरच्या महापालिकेच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात आला. जुन्या रहिवाशांना हे मैदान मायकल जॅक्सनचं म्हणून आठवतं. १९९६ साली तो इथेच नाचला होता. आता आझाद नगरला मेट्रोतून उतरून निळे टी-शर्ट घातलेली पोरं तिथे चालत येऊ लागली. मैदान लहान, गर्दी अंगावर येणारी, खेळाडूंची आरडाओरड स्पष्ट ऐकू येणारी. गिमरायश यांचा डाव सरळ होता : मागची भिंत पक्की आणि पुढे दिएगो फोरलान. १४ सामन्यांत गोल फक्त १६, पण खाल्लेही आठच. साखळीत मुंबई पहिली. उपांत्य फेरीच्या कोलकात्यातल्या सामन्यात फोरलानला लाल कार्ड मिळालं आणि अंधेरीतल्या परतीच्या सामन्यात त्याला बसावं लागलं. मुंबई एका गोलाने मागे होती. सामना ०-० सुटला. डाव एका माणसावर टांगलेला असला की असं होतं. हे पुन्हा घडणार होतं, पण ते जरा पुढे.

९ मार्च २०१९ ही तारीख मुंबई सिटीच्या इतिहासात मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो, आणि तो पराभवाचा दिवस आहे. उपांत्य फेरीचा पहिला सामना, अंधेरी, समोर सर्हियो लोबेरा यांचा गोवा. निकाल ५-१. गोव्याकडून गोल करणाऱ्यांत मूर्तदा फाल आणि जॅकीचंद सिंग होते. लोबेरा बार्सिलोनाच्या मुशीतले. तिथे युवा संघ सांभाळलेले, टिटो व्हिलानोव्हा यांचे सहायक राहिलेले. त्यांचा डाव सांगायला सोपा आणि खेळायला महाकठीण. गोलरक्षकानेही चेंडू उडवायचा नाही, पायाने द्यायचा. दोन बचावपटू फाकून उभे राहणार, त्यांच्यामध्ये एक मध्यरक्षक उतरून चेंडू मागणार, फुलबॅक थेट पुढे चढणार आणि विंगर आत शिरणार. समोरचा चेंडूमागे पळून दमला की फट सापडतेच. २०१७-१८ मध्ये गोव्याने १८ साखळी सामन्यांत ४२ गोल केले, २०१९-२० मध्ये ४६.

असा डाव असला की माणसं निवडताना प्रश्नच बदलतो. ‘चांगला बचावपटू कोण?’ असं विचारून भागत नाही. दबावाखाली चाळीस यार्डांचा पास देऊ शकणारा बचावपटू कोण, असं विचारावं लागतं. मोरोक्कोचा अहमद जाहू हा मधला उतरणारा माणूस. तो आणि सेनेगलचा फाल, दोघेही मोरोक्कोतल्या तेतुआनच्या क्लबकडून खेळलेले, आणि लोबेरा भारतात येण्याआधी त्याच क्लबचे प्रशिक्षक. म्हणजे लोबेरांनी गोव्यात येऊन बाजार पालथा घातला नाही. आपला डाव ज्यांच्या अंगात भिनू शकतो अशी माणसं त्यांना आधीच ठाऊक होती. आणि जिथे माणूस सापडला नाही तिथे त्यांनी घडवला. २०१४ पासून डाव्या विंगवर पळणाऱ्या मंदार राव देसाईला त्यांनी मागे आणून डावा फुलबॅक केलं. पुढे चढणाऱ्या फुलबॅकला पळायची हौस हवी, सेंटर हवा, आणि परत येण्याइतका दमही हवा. मंदारकडे तिन्ही होतं. जुन्या पद्धतीत तो विंगर म्हणून कधीतरी बाकावर बसला असता. या पद्धतीत भारतीय संघाचा डावा फुलबॅक झाला.

जानेवारी २०२० अखेर गोव्याने लोबेरांना काढलं. तीन आठवड्यांच्या आत त्याच माणसांनी क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाताखाली जमशेदपूरला ५-० हरवून साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारं लीग शील्ड पटकावलं. डाव मास्तरांवाचूनही चालत होता. पण मुंबईला मास्तर हवे होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीची ६५ टक्के मालकी घेतली होती. मँचेस्टर सिटीच्याच या मंडळींना लोबेरांची भाषा मायबोलीसारखी कळत होती. ऑक्टोबर २०२० मध्ये लोबेरा मुंबईचे झाले आणि पाठोपाठ गोव्याहून फाल, जाहू, मंदार आणि ह्युगो बूमूस आले. बूमूससाठी मोजलेल्या रकमेचा वृत्तपत्रांत आलेला आकडा १ कोटी ६० लाखांचा होता. जानेवारीत जॅकीचंदही जमशेदपूरहून आला. दीड वर्षापूर्वी अंधेरीत मुंबईला झोपवणारी टोळीच मुंबईच्या निळ्या रंगात उभी राहिली.

करोनामुळे तो सगळा मोसम गोव्यात, बंद दरवाजांआड झाला. आझाद नगरहून चालत येणाऱ्यांनी आपल्या संघाचा सर्वोत्तम मोसम घरी टीव्हीवर पाहिला. पहिल्याच सामन्यात जाहूला लाल कार्ड मिळालं आणि मुंबई नॉर्थईस्टकडून ०-१ हरली. फोरलानची गोष्ट नव्या वेषात आली होती. २०१९ च्या अंतिम सामन्यातही गोव्याचा जाहू असाच बाहेर गेला होता. ज्याच्या पायातून प्रत्येक हल्ला सुरू होतो, त्याचा राग हा त्या डावाचाच भाग मानावा लागतो. पण या वेळी मोसम लांब होता. ४० गुण, लीग शील्ड, आणि १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात एटीके मोहन बागानला २-१ हरवून करंडक. एकाच मोसमात शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकणारा हा पहिला संघ. शेवटच्या मिनिटाचा गोल मणिपूरच्या बिपिन सिंगचा.

बिपिनचं नाव आलं म्हणून इथे थांबतो, कारण माझ्या मते संघयाद्यांतली सगळ्यांत बोलकी गोष्ट हीच आहे. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मैदानावर एका वेळी पाच परदेशी चालत. लोबेरांनी ते पाच कुठे खर्च केले? मधला बचावपटू, दोन मध्यरक्षक, पास पुरवणारा बूमूस आणि गोल करणारा ल फोंद्र किंवा ओगबेचे. म्हणजे कणा सगळा बाहेरचा. भारतीयांच्या वाट्याला गोलरक्षकाची जागा आणि कडा : फुलबॅक आणि विंगर. मंदार, अमेय रानवडे, रेनियर, बिपिन. बिपिनने त्या मोसमात ओडिशाविरुद्ध ६-१ च्या विजयात हॅटट्रिक केली, तीही विंगवरून. पुढे परदेशी पाचाचे चार झाले, तरी मुंबईने २०२२-२३ मध्ये ४६ गुण आणि ५४ गोल करून शील्ड जिंकलं तेव्हाही आराखडा तोच राहिला. कडेला छांगटे आणि बिपिन, मध्ये ग्रेग स्टुअर्ट, पुढे परेरा दियाझ. मधल्या फळीत अपुइया आला, हा एक मोठा बदल. बहुतेक संघांनी हाच हिशेब केला, कारण तो किफायतशीर आहे. गोल करणारा माणूस घडवायला वर्षं लागतात, विकत आणायला एक उन्हाळा. मग देशाला छेत्रीनंतर स्ट्रायकर का सापडत नाही, याचं आश्चर्य कशाला? त्या जागेवर भारतीय पोराला उभंच केलं गेलं नाही. उत्तम डाव आपल्या माणसांना घडवतो तसाच काही जागा त्यांच्यासाठी बंदही करतो. लोबेरांच्या खेळाचा मी चाहता आहे, तरी ही किंमत मोजली गेली आहे असं मला स्पष्ट दिसतं.

लोबेरा पुढे २०२३ मध्ये ओडिशाला गेले. फाल आणि जाहू त्यांच्यामागे भुवनेश्वरला, आणि वर्षभराने बूमूसही. तेतुआन, मडगाव, अंधेरी, भुवनेश्वर. पूर्वी नाटक कंपन्या फिरायच्या तसा हा फड फिरला.

आणि अंधेरीचं काय? १७ मार्च २०१९ च्या ज्या अंतिम सामन्यात जाहू बाहेर गेला, तो अंधेरीच्याच मैदानावर झाला होता, आणि लोबेरांच्या गोव्याविरुद्ध जादा वेळेत कॉर्नरवर डोक्याने विजयी गोल केला तो बेंगळुरूच्या राहुल भेकेने. मुंबई एफसीच्या त्या दाटीवाटीच्या, काटकसरीच्या शाळेत शिकलेला आणि कॉर्नर सोन्यासारखा जपणारा हा मुंबईचाच पोरगा. त्याच्या शहराच्या संघाने त्याला घेतलं ते २०२१ मध्ये, तिशी गाठल्यावर. तोवर तो कोलकाता आणि बेंगळुरू पालथं घालून आला होता. मुंबईत त्याला कधी उजव्या कडेला, कधी मध्ये उभं केलं गेलं. आखूड पासांचा डावही तो शिकला. ४ मे २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून मुंबईने दुसऱ्यांदा करंडक उचलला, तेव्हा कप्तान भेके होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. पहिल्या स्पर्धेसाठी संघ निवडताना त्यांनी छेत्रीला वगळलं आणि जुन्या सवयीप्रमाणे हाताशी आहे त्यावर डाव बसवला. २९ ऑगस्टला ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ हरवलं. भारताचे दोन्ही गोल पहिल्या पंधरा मिनिटांत झाले : एक अन्वर अलीचा, दुसरा संदेश झिंगनचा. दोघेही बचावपटू. मागच्या फळीत त्यांच्याबरोबर होता राहुल भेके.